ग्रंथालयाच्या दारात आर्डिस

गेल्या हिवाळ्यात वेल्डन टकरच्या कमरेचं पिस्तूल ग्रंथालयात, ऐन गोष्टीच्या तासाला, खाली पडलं आणि उडालं. गोळी पुस्तकांच्या फळीत घुसली म्हणून पोरं वाचली. दुसऱ्याच आठवड्यात आमच्या नगर परिषदेने नियम केला: ग्रंथालयात बंदूक आणायची नाही.

झालं, राज्याच्या राजधानीतून सरकारी वकील आला. बंदुकांचे नियम फक्त राज्य करणार, गावांनी त्यात नाक खुपसायचं नाही, असा राज्याचा कायदा. नियम मागे घ्या, जो विरोधात मत देईल त्याचं पद जाईल, म्हणाला. राजधानीत यांच्या स्वतःच्या इमारतीत शिरताना खिशातल्या किल्ल्यासुद्धा काढून दाखवाव्या लागतात. तिथे बंदी चालते आणि आमच्याकडे गुन्हा! माझं तर डोकंच फिरलं.

मी परिषदेची कारकून, मतदानाला नावं पुकारायचं काम माझं. चौघांनी मान खाली घालून 'मागे घ्या' म्हटलं. पाचवी आर्डिस हॉकेट. अठरा वर्षं ती परिषदेवर. नवरा गेल्यावर तिला तेवढंच उरलं होतं. दर हंगामात हरीण मारून आणणारी बाई, बंदुकीला भिणारी नव्हे.

"बाई, अजून विचार करा," वकील म्हणाला.

"केला. माझा नकार. जोनी, नीट लिहून घे गं."

मी लिहिलं. पंधरवड्यात तिचं पद गेलं.

पुढच्या सभेला ती नागरिकांच्या रांगेत उभी. माइकवर प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात.

"नियम पुसलात ना? मग शनिवारी मी ग्रंथालयाच्या दारात बसणार. येईल त्याला म्हणणार, बाबा, पिस्तूल गाडीत ठेवून ये. नसेल ऐकायचं तर जा आत. पण माझ्या तोंडावर नाही म्हणून जा!"

नगराध्यक्षांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलाने कायद्याचे कागद चाळले; नुसत्या विनंतीला त्यात बंदी नव्हती.

शनिवारी मीही तिच्या शेजारी खुर्ची टाकली. नोकरी गेली तर गेली. पहिला आला तो वेल्डनच, हाताशी नात, कमरेला पिस्तूल.

"आता तुला कसला अधिकार गं, आर्डिस?"

"काही नाही. म्हणून तर हुकूम सोडत नाहीये, विचारतेय. ठेवतोस गाडीत?"

त्याने नातीकडे पाहिलं. मग काहीतरी पुटपुटत त्याने तिला आमच्याजवळ उभं केलं आणि गाडीकडे परत गेला.