चेकरबाई शिवायला बसतात

शर्टांच्या कारखान्यात एकतीस वर्षं दुसऱ्यांची शिलाई तपासून चेकरबाई निवृत्त झाल्या, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांना निरोपाची भेट म्हणून शिलाई मशीन दिलं. टाळ्या वाजल्या. "आता बाईंनी स्वतःसाठी शिवायचं," असं मॅनेजर म्हणाले आणि बाईंनी मान डोलावली. खरं सांगायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं. खरं असं होतं, की त्यांनी उभ्या आयुष्यात मशीनवर एकही टीप घातली नव्हती. टीप वाकडी आहे हे त्या हातभर लांबून सांगत. ती सरळ कशी घालतात, हा प्रश्न त्यांच्या टेबलापर्यंत कधी आलाच नव्हता.

मशीन महिनाभर खोक्यातच राहिलं. घरात छंदांना तोटा नव्हता, पण ते सगळे नवरोबांच्या ताब्यात होते. ते पाच वर्षं आधी निवृत्त झालेले. स्वयंपाकघर आणि बाल्कनीतल्या कुंड्या, दोन्हीकडे त्यांचंच राज्य. बाई त्यांच्या मदतीला गेल्या. म्हणजे तपासायला गेल्या.

"हे बटाटे एका मापाचे नाहीत."

"शिजल्यावर कोण मोजतंय?"

"मी."

मग बाई कुंड्यांकडे वळल्या. टोमॅटोच्या झाडाभोवती एक चक्कर मारून त्यांनी निकाल दिला, "यातले दोन बाद."

"अगं, कच्चे आहेत ते अजून!"

शेवटी नवरोबांनी स्वतःच खोकं फोडलं, मशीन खिडकीपाशी मांडलं आणि वर तेलाची बाटलीही ठेवली. "हा घे तुझा छंद," ते म्हणाले. "माझे मला राहू दे."

खिडकीतलं मशीन खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला जिन्यातूनच दिसलं. ती पिवळं कापड घेऊन वर आली. तिच्या मुलीला शाळेच्या कार्यक्रमात घालायला फ्रॉक हवा होता, तीन आठवड्यांत. "बाहेर कुठे टाकायचा धीर होत नाही, काकू," ती म्हणाली. "तुमच्यासारख्या नजरेच्या माणसाच्या हातचा असला म्हणजे बघायलाच नको."

"ठेव," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

पुढचे आठ दिवस त्यांनी एका जुन्या चादरीचे हाल केले. सुईत दोरा ओवायला अर्धा तास, आणि ओवला की तो मशीनच्या पोटात जाऊन घरटं करायचा. नवशिक्या माणसाला पहिली टीप कशीही पडली तरी कौतुक वाटतं. बाईंच्या नशिबी तेही नव्हतं. आपण काय केलंय ते त्यांना लख्ख दिसत होतं. त्या वीतभर शिवायच्या आणि दीड वीत उसवायच्या. नवरोबा दारातून डोकावून सूप ठेवून जायचे.

नवव्या दिवशी बाईंनी कापड काखेत मारलं आणि मागच्या गल्लीतलं दुकान गाठलं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा, एक मशीन आणि इस्त्रीचं टेबल. तिथे कपडे लहानमोठे करून द्यायला कॉलरवाली बसायची. कारखान्यात तिने वीस वर्षं नुसत्या कॉलरी शिवल्या होत्या. चुकलेल्या शिलाईवर लावायच्या बाईंच्या लाल चिठ्ठ्या सगळ्यांत जास्त कोणाच्या पदरात पडल्या असतील, तर तिच्या.

"बाई, तुम्ही?" ती उठून उभी राहिली. "काही चुकलं का?"

"नाही गं. मला शिकव."

कॉलरवालीने आधी बाईंकडे बघितलं, मग कापडाकडे. ती हसली नाही, हे बाईंना फार बरं वाटलं. "बसा," ती म्हणाली. "पाय हलका ठेवा. कापड ओढायचं नाही, ते आपणहून येतं."

दोन दिवसांत बाईंची टीप बऱ्यापैकी सरळ झाली. तिसऱ्या दिवशी त्या कॉलरवालीचा हात बघत बसल्या होत्या. ती एका शर्टाची कॉलर बदलत होती, अशा सफाईने, की बाईंना बोट ठेवायला जागा सापडेना.

"एवढा सरळ हात तुझा. मग तेव्हा रोज दोन कॉलरी वाकड्या कशा यायच्या?"

कॉलरवालीने दाताने दोरा तोडला. "मुद्दाम."

"मुद्दाम म्हणजे?"

"गठ्ठ्यात काही सापडलं नाही की तुम्ही बेचैन व्हायच्या, बाई. मग चांगल्या कॉलरीतच काहीतरी काढायच्या. चाळीस-चाळीस परत यायच्या. म्हणून आम्ही ठरवलं, वरून तिसरी आणि मधली एक वाकडी शिवायची. त्या मिळाल्या की तुम्ही खूश, आणि बाकीचा गठ्ठा सुटायचा."

"आणि ते काम तुझ्याकडेच?"

"तुम्हाला खरं वाटेल असं वाकडं शिवणं सोपं नव्हतं. बाकीच्यांना नाही जमायचं." तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"बाकीचा गठ्ठा तरी चांगला असायचा ना?"

"पुष्कळसा," कॉलरवाली म्हणाली.

बाई घरी आल्या. बैठकीत उत्कृष्ट तपासणीची चार प्रशस्तिपत्रं फ्रेम करून लावली होती. त्यांच्याकडे पाठ करून बसत बाईंनी जेवण केलं. बटाट्यांबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, तेव्हा नवरोबांनी घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. दोन दिवस त्या दुकानाकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या, कारण रागावायला हरकत नव्हती, पण फ्रॉकची झालर राहिली होती.

"आज झालर," कॉलरवाली म्हणाली, जणू मधले दोन दिवस नव्हतेच.

फ्रॉक झाला. चांगला झाला. फक्त गळ्याला मागच्या बाजूने एक चूण पडली होती, आणि ती उसवून पुन्हा घालायला कापडात जीव उरला नव्हता. बाईंनी रात्रभर नाही, पण चहा थंड होईपर्यंत त्यावर विचार केला. मग खालच्या काठाला, सहज दिसेल असा, बोटभर दोरा लोंबता ठेवला.

शिक्षिका आली. तिने फ्रॉक उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला, घेरावरून बोट फिरवलं. "काकू, इथे दोरा राहिलाय हं."

"अगंबाई, खरंच की!" बाईंनी लगबगीने कात्री आणली.

शिक्षिकेच्या चेहऱ्यावर मोठं समाधान पसरलं. आपला चेहराही इतकी वर्षं असाच दिसत असणार, हे बाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांचे कान गरम झाले. गळ्याकडे शिक्षिकेने बघितलंच नाही. तिने फ्रॉकची घडी घातली आणि पिशवीतून निळं कापड काढलं.

"हे माझ्यासाठी. तुमच्याइतकं कोणी मनावर घेत नाही, काकू."

बाईंनी कापड हातात घेऊन त्याचा पोत बघितला.

"अस्तर लागेल याला," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी ये, माप घेते."