तासाभराची गादी

“अक्का, ही गादी आधी न्या हितनं. बघवंना मला,” शिवानंद म्हणाला आणि गुंडाळलेली गादी त्यानं स्वतःच उचलून दाराशी आणली.

परवाच त्याच्या आईची, बसव्वाची, माती झाली होती. नऊ महिने श्रीदेवीनं रोज सकाळी येऊन तिचं अंग पुसलं होतं, कूस बदलली होती. तिलाही त्या रिकाम्या खोलीत उभं राहवेना. पण गादी न्यायलाच हवी होती. ती हवेची गादी ‘सोबत’ संस्थेची, म्हणजे श्रीदेवीच्या नोकरीच्या ठिकाणची. विजेवरचा छोटा पंप तिच्यात हवा खेळवत ठेवतो, म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होत नाहीत. अशा सहाच गाद्या. एक माणूस गेलं की गादी यादीतल्या पुढच्या घरी.

“तुमचीबी आई पडूनच हाय म्हनं. तिलाच लावा की.”

“यादी हाय, दादा. आज जुळे सोलापूरच्या रंभाबाईंचा नंबर हाय.”

यापुढचं त्याला काय सांगणार? कर्मचाऱ्यांच्या घरी गादी द्यायची नाही, हा नियम श्रीदेवीनंच करायला लावला होता. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या व्यापाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून काढलेल्या फाउंडेशनची माणसं संस्था बघायला आली होती. त्याआधीच संस्थेतल्या एकीनं चाकाची खुर्ची घरी नेऊन सासूला वापरली होती आणि पेठेत नको नको ते बोललं जात होतं. बैठकीत कधी तोंड न उघडणारी श्रीदेवी त्या दिवशी उभी राहिली. “आमच्या घरात कायबी नगं. मग लोक इस्वास ठेवत्यात,” म्हणाली. पाहुण्यांना ते इतकं आवडलं की अनुदानाच्या अटींतच त्यांनी ते घालून टाकलं. टाळ्यासुद्धा वाजल्या. तेव्हा तिची आई, शिवम्मा, दोन दोन घागरी पाणी भरत होती.

माघात शिवम्मा न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. आता पडून पडून झालेली कमरेवरची जखम तळहाताएवढी झाली होती. श्रीदेवीनं एकदा संस्थेच्या सचिव वैजयंतीबाईंकडे विषय काढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “पुढच्या वर्षीचं अनुदान मंजुरीला आहे गं. तूच सांग, काय करू?” त्यांनी विचारलं. “ऱ्हाऊ द्या,” श्रीदेवी म्हणाली. आपलेच दात, आपलेच ओठ. बोट कुणाकडे दाखवायचं?

आज मात्र रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, “जुळे सोलापूर नंतर. आधी माझ्या घराकडं घ्या.” म्हणताना तिला स्वतःची लाज वाटली, तरी तिनं शब्द मागे घेतला नाही.

घरी येऊन तिनं गादी स्वच्छ पुसली, जमिनीवर अंथरली, पंप लावला. गादी फुगल्यावर आईला हळूच तिच्यावर घेतलं.

“कुनाची ग ही?”

“संस्थेची. तासभरच हाय, अव्वा.”

शिवम्मानं एकदा हातानं गादी चाचपली. “पान्यावर निजल्यावानी वाटतंय,” म्हणाली आणि बोलता बोलता झोपली. किती दिवसांनी अशी झोपली होती! कण्हणं नाही, की कपाळाला आठी नाही. श्रीदेवी पदर तोंडाशी धरून रडली. लोकांच्या आयांना आपण हे नऊ नऊ महिने दिलं, आणि स्वतःच्या आईला तास मोजून देतोय!

फोन वाजला. रंभाबाईंचा मुलगा जोतीराम होता.

“ताई, दुपारी येते म्हनला हुता. आई लई वरडतीया वो. कवा येताय?”

मागून रंभाबाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. तो कशाचा आवाज आहे, हे श्रीदेवीला सांगावं लागत नव्हतं. असला आवाज ती रोज या घरात ऐकत होती.

“निगालेच,” ती म्हणाली.

आईला उठवायचा तिला धीर होईना. तिनं पंप बंद केला आणि नळी काढली. हवा बारीक आवाज करत निघू लागली. शिवम्मा बोट बोट खाली येत गेली आणि पाठ शेवटी कडक जमिनीला टेकली. ओठ तेवढे घट्ट मिटले, डोळे उघडले नाहीत. आता ही गादी अंगाखालून काढायची कशी, म्हणून श्रीदेवी गुडघ्यांवर तशीच बसून राहिली.

शिवम्माचा हात वर गेला. उशाशी असलेल्या खिडकीचा गज तिनं चाचपून धरला आणि मोडक्या खुब्यासकट कंबर वीतभर उचलून धरली.

“वड आता,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “सावकास. त्या बाईला फाटकी नगं जायला.”