खोडलेला आकडा

उमाबाईंचं पत्र येऊन महिना होत आला, तरी नबीलाल मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. उमाबाई तामलवाडीच्या पाणी सोसायटीच्या चेअरमन. त्यांनी लिहिलं होतं : ‘तुमच्या नकाशावर पहिला बांध घातला. दोन पावसाळे झाले, पाणी येत नाही. अक्षय्यतृतीयेला दुसऱ्या बांधाची कुदळ मारायची आहे. नकाशा बरोबर आहे का, लेखी कळवा.’

“जवाब द्या की,” त्यांची बायको मैमुना म्हणाली. “पत्र उशीखाली ठेवून पाणी येतंय व्हय?”

मास्तरांनी नकाशा काढला. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी मोजणीची उसनी दुर्बीण आणून तामलवाडीचं शिवार मोजलं होतं. आलेखाच्या कागदावर प्रत्येक चौकोनात तिथली उंची लिहिली आणि भोवतीच्या आठ चौकोनांत सर्वांत सखल असेल त्याच्याकडे बाण काढला. बाणाला बाण जुळला की पाण्याची वाट दिसे. एका चौकोनातून मात्र बाण निघेना; आठही शेजारी उंच. दुर्बिणीसमोर उंचीची पट्टी धरणाऱ्या गावातल्या कोंडिबाचा घोटाळा समजून मास्तरांनी तो आकडा खोडून वाढवला होता.

सकाळच्या एसटीनं ते नळदुर्गहून तामलवाडीला गेले आणि कोंडिबाला घेऊन माळावर चढले. बोरीच्या जाळीआड मुरूम उपसलेला जुना खड्डा होता. तळाला भेगाळलेला खडक, काठाला वाळलेला गाळ नि काटक्या. वरचं सगळं पाणी इथंच मुरत होतं.

“म्या पट्टी हितंच टेकवली हुती,” कोंडिबा म्हणाला.

“मग बोलला का नाहीस?”

“तुमी कुठं इचारलं? वहीतनं मान वर करत न्हवता तुमी. म्या खड्ड्यात उभा, तुमी कागदात.”

मास्तरांना हसू आलं, आणि लाजही वाटली. मग त्यांनी एकेक चौकोन तपासला. खोडलेला तेवढा एकच. खड्ड्याच्या वरच्या अंगाला दोन ओघळ मिळत होते. तिथं दगड रचून त्यांनी खूण केली.

उमाबाईंच्या दारापर्यंत जाऊन ते परत फिरले. तोंडानं सांगताना शब्द गिळले जातील, हे त्यांना ठाऊक होतं. परत नळदुर्गला उतरून पोस्टातच त्यांनी लिहिलं : ‘चूक माझी आहे, कोंडिबाची नाही. खरा आकडा मी खोडला. दुसरा बांध खाली घालू नका. खड्ड्याच्या वर दगडांची खूण केली आहे, तिथं घाला. हे पत्र सभेत वाचून दाखवा.’

शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. पाकीट चिकटवून त्यांनी पेटीत टाकलं.