बशीशिवायचा चहा

गजेंद्रकाकांना चहा करता येतो हे पूर्वी कोणालाच माहीत नव्हतं, काकांनाही नव्हतं. गेल्या दिवाळीत त्यांनी मोबाइलवर कुणा तज्ज्ञाचे व्हिडिओ पाहिले आणि तेव्हापासून सुरतेजवळच्या गोडादऱ्यातल्या त्यांच्या घरात चहा पिणं कमी झालं, चहावर ऐकणं वाढलं.

"आपण चहा करत नाही, चहाचा खून करतो," हे काकांचं लाडकं वाक्य. आलं हा गुन्हा, गवती चहा हा अपघात आणि पुदिना हा सुरतेच्या हवेनं लागलेला रोग. साखरेचं नाव निघालं की ते नुसतेच मान फिरवत. काका रंगाईच्या मिलमध्ये सुपरवायझर. कापडाला रंग धरतो तसा पाण्याला चहा धरतो, पाणी उकळायचं नाही, असं त्यांचं शास्त्र. मिलमध्ये पाणी शंभराच्या वर चढवतात, हे मात्र ते सांगत नसत.

आज त्यांच्या पुतणीला, वर्षाला, बघायला येणार होते. 'बघायला' हे आपलं म्हणायचं. पर्वत पाटिया भागातल्या एका साडीपेढीत ती आणि राहुल शेजारच्या टेबलांवरून एकमेकांना कधीपासून बघतच होते. अडलं होतं ते राहुलच्या वडिलांच्या, सुपडूआप्पांच्या होकारावर. आणि आप्पांच्या भावकीत होकार तोंडानं देत नाहीत. मुलाच्या बापानं आपल्या कपातला चहा बशीत ओतायचा आणि बशी मुलीच्या बापापुढं सरकवायची. बशी सरकली की लग्न ठरलं. नसेल ठरवायचं, तर पोह्यांचं कौतुक करून लोक उठतात.

"काका, चहा मी करते," वर्षा म्हणाली.

"तू उकळशील."

"उकळूनच पितात ते."

"म्हणूनच अजून शहराबाहेर, कडोदऱ्यात राहिले."

"करू दे गं त्याला, रुसेल," वर्षाचे वडील, धुडकूभाऊ म्हणाले. त्यांनी धाकट्या भावाला उभ्या जन्मात नाही म्हटलं नव्हतं. काका असे झाले त्याला तेवढं एक कारण होतं.

पाहुणे आले, पोहे झाले. काकांनी पाण्यात थर्मामीटर बुडवला, पानं घातली, डोळे मिटले. दूध वेगळ्या वाटीत, डोळ्यांत घालायच्या औषधाएवढं. मग काचेचे, कान नसलेले पेले बाहेर आले. आत काहीतरी फिकट पिवळं होतं.

आप्पांनी पेला उजेडाकडं धरला. "हाई काय शे?"

"चहा, आप्पा! पहिल्या तोडणीचा. आधी वास घ्या."

आप्पांनी घेतला. "गवताचा येतोय."

"तेच!" काका हरखले.

आप्पांनी घोट घेतला आणि गिळला. पाहुण्याला थुंकता येत नाही. मग ते मांडीपुढं काहीतरी शोधू लागले.

"बशी कोठे शे?"

"बशी नाही, आप्पा. बशीत ओतला की सुगंध उडतो. जग बशी सोडून कुठल्या कुठं गेलं!"

धुडकूभाऊंचा चेहरा त्या चहाच्या रंगाचा झाला. आप्पांनी पेला खाली ठेवला, टोपी नीट केली आणि म्हणाले, "पोहे मात्र फार चांगले झाले हां."

राहुलनं वर्षाकडं पाहिलं. वर्षा उभी राहिली.

"बसा, आप्पा. ते सॅम्पल होतं. माल आता येतो."

आत आलं ठेचल्याचा आवाज आला. काकांनी कुणी आपल्यालाच ठेचत असल्यासारखं तोंड केलं. वर्षानं पातेल्यात साखर, चहा, गवती चहा आणि पुदिना टाकला, दूध ओतलं आणि सगळं मनसोक्त उकळलं. वर आला की खाली बसवला, पुन्हा वर येऊ दिला, विटकरी रंग येईपर्यंत. काकांनी कपबश्या खोक्यात भरून पलंगाखाली ढकलल्या होत्या. त्यातली एक धड जोडी तिनं विसळून घेतली.

आप्पांनी अर्धा कप बशीत ओतला. फुंकर घातली. दाराकडं पाहिलं, राहुलकडं पाहिलं, अगदी काकांकडंसुद्धा पाहिलं. बशी तिथंच.

मग ती सरकली.

धुडकूभाऊ घाईघाईनं प्यायले, जीभ पोळली तरी थांबले नाहीत.

"बघितलंत?" काका सगळ्यांना सांगू लागले. "आधी मी त्यांची जीभ स्वच्छ केली, म्हणून हा लागला."

पाहुणे गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"उरलाय का गं थोडा?"

"उरलाय. पण उकळलेला आहे."

काकांनी पेला पुढं केला.