जिथं जीभ पोचत नाही

भालचंद्र आठल्यांनी सातव्यांदा फणी फिरवली आणि लाडूचं भुंकणं निघालं.

पिसवांबरोबरच निघालं. दोन पिसवा, थोडे मऊ केस आणि त्यात अडकलेलं जिऱ्याएवढं काळं काहीतरी पाय झाडत होतं. आठल्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. भुंकणंच होतं. त्यांनी फणी वाडग्यातल्या पाण्यात आपटली. भुंकणं पाण्यावर क्षणभर टेकलं, टुणकन उडालं आणि आठल्यांच्या कॉलरमधून आत गेलं.

लाडूनं भुंकायला तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"भू," आठल्ये म्हणाले.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सुनीतीबाई देवरुखच्या एसटीनं साडेचारला घरी येणार होत्या. चार दिवसांपूर्वी बहिणीकडे निघताना त्यांनी दारातच बजावलं होतं, "अहो, मी येईपर्यंत लाडूच्या अंगावर एक पिसू दिसता कामा नये. आणि त्याचं काही कमीजास्त झालेलं दिसलं, तर आल्या पावली ताईकडे परत जाईन. सांगून ठेवते." चौतीस वर्षांच्या संसारात बाईंनी सांगून ठेवलेलं एकही फुकट गेलं नव्हतं.

आठल्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"भू."

"हां लाडू, शहाणा तो. दे बघू बाबांकडे फोन," डॉक्टर सावर्डेकर म्हणाले.

"भू. मीच बोलतोय. भुंकणं निघालं हो त्याचं."

"कितव्यांदा फिरवल्यावर?"

"सातव्यांदा."

"लवकर निघालं. बारीक दातांची आहे ती फणी, तीत सगळंच येतं. पाण्यात साबण घातलाय ना?"

आठल्यांनी वाडग्याकडे बघितलं. पाणी कसं नितळ होतं. तळाची मोरपिशी नक्षी दिसत होती.

"भू. नसला घातला तर?"

"तर ते उडतं आणि जवळच्या गरम अंगावर जाऊन बसतं. साबण असला की बुडतं. आणि बुडालेलं परत येत नाही."

"मग आता?"

"आता सोडू नका. अर्धवट राहिलं की दुपटीनं वाढतं. मानेच्या मागं नीट बघा. जिथं जीभ पोचत नाही, तिथंच सगळं दडून बसलेलं असतं." डॉक्टरांनी फोन ठेवला. मागं कुणाचं तरी मांजर खोकत होतं.

आठल्यांनी साबणाची बाटली हातात घेतली आणि परत ठेवली. साबण घातला आणि लाडूचं काही बुडलं, तर बायकोला काय दाखवणार? त्यापेक्षा साधं पाणी बरं. उडालेलं पकडून परत घालता येईल. विचार चुकीचा नव्हता. पेन्शनीत निघालेल्या माणसाचे विचार सहसा चुकीचे नसतात.

त्यांनी आधी स्वतःच्या पाठीवर फणी फिरवून बघितली. हात मानेपर्यंत पोचेना. भुंकणं तिथंच कुठंतरी गुदगुल्या करत होतं.

तेराव्यांदा लाडूच्या डोळ्याभोवतीचा तपकिरी ठिपका निघाला. तेवढ्यात बेल वाजली. फणी उभी धरून आठल्यांनी दार उघडलं. शेजारच्या पेडणेकर वहिनी होत्या, ठेवणीतल्या साडीत.

"भाऊजी, आवरा त्या लाडूला. आमच्या ह्यांचा आत्ता कुठं डोळा लागलाय."

"भू. आवरतोच आहे, वहिनी."

ठिपका उडाला आणि वहिनींच्या गालावर बसला.

"काय बघताय?"

"गालावर तुमच्या..."

"वांग आलं का? यायचंच हो, वय झालं." त्यांनी पदरानं गाल टिपला. "बरं, मी चालले चिपळूणला, भाचीच्या डोहाळजेवणाला. उद्या येईन."

"वहिनी, थांबा!" असं आठल्ये म्हणायला गेले, पण निघालं भलतंच, तेही तीनदा.

"इश्श! काय एकेक सवयी लागतात माणसाला," म्हणत वहिनी लाडूचा ठिपका घेऊन जिना उतरल्या.

चार वाजले. लाडू आता चुन्यासारखा पांढराफटक दिसत होता. एक मान तेवढी राहिली होती. आठल्यांनी श्वास धरून मानेच्या मागं फणी घातली आणि हळूच ओढली. फणीत लाडूचं नाव आलं. दोन अक्षरं, एकमेकांना बिलगलेली.

हे मात्र जाऊ द्यायचं नाही, म्हणून त्यांनी फणीवर पटकन तळहात झाकला. तळहात गरम होता. नाव आत शिरलं.

एका अंगावर दोन हाका मावत नाहीत. चौतीस वर्षं आठल्यांच्या अंगावर मुक्काम टाकून असलेलं "अहो" बाहेर पडलं आणि समोरच्या कुत्र्यावर जाऊन बसलं. कुत्रा उठला, वेताच्या खुर्चीत चढला आणि पायावर पाय टाकून वर्तमानपत्राकडे बघू लागला.

आठल्यांनी खुर्चीला हात लावला. कुत्र्यानं मान वर केली आणि त्यांच्याकडे असं काही बघितलं, की आठल्ये आपोआप जमिनीवर बसले.

साडेचारला कुलपात किल्ली फिरली.

"लाडू! लाडूड्या! कुठंय माझा राजा?"

जायचं नाही, असं आठल्यांनी मनाशी पक्कं ठरवलं. ते ठरवेपर्यंत पाय दाराशी पोचले होते. सुनीतीबाईंनी दोन्ही हातांनी त्यांचे गाल कुरवाळले. "आठवण आली होती का रे माझी? जेवलास का?" मग खुर्चीकडे न बघताच त्या म्हणाल्या, "अहो, गॅसचा नंबर लावलात का?"

कुत्र्यानं वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही.

"विसरलातच. मला ठाऊकच होतं."

आठल्यांना सगळं सांगायचं होतं. "भू," ते म्हणाले. मान खाजत होती, त्यांनी ती कराकरा खाजवली.

"अगंबाई, अजून आहेतच की! चार दिवस काय केलंत हो?" सुनीतीबाई पिशवी टाकून खालीच बसल्या, आठल्यांचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं, कपाळावरचा चष्मा काढून खुर्चीत टाकला आणि वाडगा जवळ ओढला. "आणि पाणी साधंच? साबण कोण घालणार, मी?"

त्यांनी बाटली दाबून भरपूर साबण घातला आणि पाणी बोटांनी फेसाळवलं. वाडग्याची नक्षी दिसेनाशी झाली.

पळायला हवं होतं. दार उघडंच होतं. पण बाईंचा डावा हात आठल्यांच्या कपाळावर होता. गार, बांगड्यांचा, थोडा एसटीच्या दांड्याचा वास येणारा. तो तिथं शेवटचा कधी होता ते त्यांना आठवेना. एकदा फिरवू दे फणी, मग पळू, असं म्हणून ते पडून राहिले.

पहिल्यांदा भुंकणं निघालं आणि फेसात बुडालं. एक बुडबुडा फुटला, बारीकसं भू झालं, संपलं. आता तोंडात काहीच उरलं नव्हतं. मग सकाळच्या फिरण्याची सवय निघाली, मग पेन्शनच्या खात्यावरची सही. सगळं फेसात गेलं. फणी वर सरकत सरकत मानेच्या मागं आली. तिथं ते बसलं होतं. चौतीस वर्षांत बाईंच्या जिभेवर एकदाच आलेलं, तेही लग्नात, उखाण्यात, तोंडात पेढा असताना.

फणी अडकली. बाईंनी जोर लावून ओढली.

"बाप रे! अहो, बघा तरी, केवढी मोठी ही!"

खुर्चीतल्यानं आठल्यांचा चष्मा नाकावर चढवला.

सुनीतीबाईंनी फणी खिडकीच्या उजेडात धरली. 'चंद्र' दातांत घट्ट रुतला होता, 'भा'चा काना सुटून हवेत वळवळत होता. त्या डोळे बारीक करून अक्षरं जुळवू लागल्या.

"भा... भाल..."

आठल्यांनी मांडीवरून मान वर केली.

सुनीतीबाईंनी जीभ चावली. खुर्चीकडे बघून त्या लाजल्या. नवऱ्याचं नाव ते, असं कसं घ्यायचं? मग त्यांनी फणी फेसावर उलटी धरली आणि टिचकी मारायला बोट वाकवलं.