हलक्या हाताची हळद

वरोऱ्याच्या अजीमनबीने उबटन लावलेली नवरी ओळखायला तिचे नाव विचारावे लागत नसे. अजीमनबीची लेक करीमनबी. तिने मसुराच्या डाळीत लिंबाची साल वाळवून कुटून घालण्याची रीत सुरू केली. करीमनबीची लेक जैतूनबी. तिचा हात इतका जोरकस, की तिच्यासमोर बसलेली नवरी पाटासकट मागे सरकत असे. आणि जैतूनबीची लेक सुरय्या, जिची ही गोष्ट आहे.

या घरचे उबटन, म्हणजे मसुराचे उटणे, घासायचे ते गाल तांबडे होईपर्यंत, आणि नवरीने त्या वेळी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. लागते, चुरचुरते, असे म्हणणे हा उबटन लावणाऱ्या हाताचा अपमान समजला जाई. सुरय्याने हा शिरस्ता आईकडून जसाच्या तसा घेतला होता. सुरय्याचा दराराही तसाच होता. तिच्या अंगणातून जाताना टपालवाला सायकलवरून खाली उतरत असे. तिने कधी कोणाची वाटीभर साखर उसनी घेतली नव्हती, आणि कोणाचे उपकार अंगावर वागवले नव्हते. एकच उपकार तेवढा राहून गेला होता, आणि तो मोठा होता.

तीस वर्षांपूर्वी तिचा नवरा रफीक आलापल्लीला एका लाकूड ठेकेदाराकडे मुनीम होता. तिथेच त्यांच्या लेकीचा, अंजुमचा, जन्म झाला. बाळंतपणातच सुरय्याला तापाने असे धरले, की तिला दूध म्हणून आले नाही. वरचे दूध पोरीला पचेना. तेव्हा लाकूड डेपोवर काम करणाऱ्या सुकलूची बायको सोमारी आपल्या तान्ह्या खुशालला एका मांडीवर घेऊन आली आणि दुसऱ्या मांडीवर तिने अंजुमला घेतले. सुरय्या उठून बसेपर्यंत ती रोज येत राहिली. पुढे सुरय्याने तिच्यासमोर चांदीचे तोडे ठेवले. सोमारीने ते हातात घेऊन पाहिले, छान आहेत म्हणाली आणि परत दिले. लुगडे नेले, ते परत आले. शेळी पाठवली, तीही परत आली. येताना तिच्या गळ्यात मोहाच्या फुलांची पुरचुंडी मात्र बांधलेली होती. दुधाच्या नात्याचा हक्क सुरय्याच्या घरात रक्ताच्या नात्याइतकाच मानत. दूधमायचे देणे द्यायचे राहिले, ही गोष्ट तिला तीस वर्षे दाताखालच्या खड्यासारखी सलत होती.

सन दोन हजार दोनच्या फाल्गुनात सोमारी स्वतः वरोऱ्याला आली. बरोबर तिची धाकटी लेक दीपिका होती, आणि दीपिकाने ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली होती. पोरीचे लग्न वैशाखात ठरले होते. नवरा मुलगा धनराज, सिरोंच्याकडे शाळेवर शिक्षक. मुलगा भला, घर भले, कशात काही उणे नव्हते. परंतु लग्नाआधी तोंड उजळावे म्हणून दीपिकाने कुठल्याशा मासिकात वाचून लिंबू आणि खायचा सोडा चेहऱ्यावर घासला होता. एकदा घासून भागले नाही म्हणून पुन्हा घासला होता. ओढणी बाजूला झाली तेव्हा सुरय्याने मान हलवली. गाल लाल, जागोजागी पापुद्रे सुटलेले, हनुवटीवर बारीक पुरळ. असे तोंड घेऊन मांडवात बसणार नाही, लग्न पुढे ढकला, असे दीपिकाने घरात सांगून टाकले होते.

सोमारीने सारे सांगितले आणि शेवटी ओट्यावरच्या तांब्याकडे पाहत म्हणाली, "सुरय्याबाई, मी तुले आजवर काही मागतलं नाई. आता मागतो. माह्या पोरीचं तोंड नीट कर."

सुरय्याला आनंद झाला. आला तो आनंद तिने चेहऱ्यावर दिसू दिला नाही, ही गोष्ट वेगळी. तिने त्याच क्षणी पाटावरवंटा धुवायला सांगितला, मसूर भिजत घालायला सांगितले आणि दीपिकाने लग्नापर्यंत इथेच राहायचे असे जाहीर केले. सोमारीने होकार द्यायच्या आत पोरीची पिशवी आत गेली होती.

पाटावरवंटा धुवून झाला, परंतु त्यावर काही वाटले गेले नाही. मध्ये अंजुम उभी राहिली.

अंजुमचे स्टेशन रोडला बायकांचे पार्लर होते. त्यापूर्वी ती काही वर्षे नागपुरात कातडीच्या एका डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली कामाला होती, आणि तिथून शिकून आलेल्या गोष्टी ती आईला अधूनमधून ऐकवत असे. दीपिकाचे गाल तिने खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिले, बोटाच्या टोकाने स्पर्श केला आणि सांगितले, की ही कातडी मुळातच नाजूक आहे, तिला घासणे वर्ज्य. आधी नुसते साधे पाणी आणि साधे मलम लावून ही आग थांबवायची. मग आंबलेल्या दुधातून निघते त्या आम्लाचे, लॅक्टिकचे, अगदी सौम्य लोशन, तेही दोन दोन दिवस सोडून, संध्याकाळी, पातळसे. उसातून निघणारे आम्ल जास्त खोल जाते आणि अशा कातडीला चावते. दुधाचे सावकाश चालते. दिवसा उन्हापासून वाचवणारे लोशन आणि डोक्यावर पदर.

सुरय्याने विचारले, की घासायचे नाही तर मळ निघणार कसा.

"अम्मी, तू धान घासून साफ करते का?" अंजुम म्हणाली. "कांडलं की दाणा फुटते. सुपात पाखडलं की फोल आपल्या आपणच उडते. हे लोशन पाखडते. वरच्या मेलेल्या पापुद्र्याले धरून ठेवणारा चिकटा तेवढा सैल करते."

"म्हणजे दह्याचं पाणी," सुरय्या म्हणाली. "दह्याचं पाणी बाटलीत भरून तुम्ही लोकाइले विकून राह्यले."

रफीक कोपऱ्यात पान लावत बसला होता. अजीमनबीनेही डाळ पुडीत बांधूनच विकली होती, असे तो म्हणाला आणि बायकोची नजर वळायच्या आत पान घेऊन बाहेर निघून गेला.

अंजुमने पहिल्या दिवशी लोशनचा ठिपका फक्त कानामागे लावला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली. सुरय्याला हा प्रकार म्हणजे पोरखेळ वाटला. नवरीचे कान पाहायला कोण येणार होते. कानामागे काही उठले नाही, तेव्हा तो हात गालावर आला. चुरचुर नाही, लाली नाही, काहीच नाही. आठवडा गेला. पापुद्रे कमी झाले होते, पुरळ बसत चालली होती, हे अंजुमला दिसत होते; सुरय्याला मात्र दिसत होती ती बाटली, जी लावताना पोरगी आरामात शेंगदाणे खात बसे. ज्याने काही होत नाही त्याने काय होणार, हा तिचा सरळ हिशेब होता. आणि देणे दूधमायचे होते. असे देणे बाटलीतल्या पाण्यावर सोडून द्यायला तिचे मन धजेना.

एक दिवस अंजुम माल आणायला नागपूरला गेली. सुरय्याने मसूर वाटला, त्यात आजीच्या मापाने लिंबाची साल घातली, आणि दीपिकाला पाटावर बसवून जैतूनबीच्या हाताने उबटन लावले. दीपिका मुकाट बसून राहिली. या घरची रीत तिला येताच कोणीतरी सांगितली होती, आणि मोठी माय (थोरली मावशी मानून ती सुरय्याला हेच म्हणे) आपल्यासाठी एवढे कष्ट घेते आहे तर तिचा अपमान कसा करायचा, या विचाराने ती पोर डोळ्यांतले पाणी आतल्या आत गिळत राहिली. सुरय्याला वाटले, वा, काय सोशिक पोरगी आहे.

संध्याकाळी अंजुम परतली तेव्हा दीपिकाचे दोन्ही गाल भाजलेल्या वांग्यासारखे झाले होते.

अंजुमने थंड पाण्यात मऊ फडके भिजवले, पिळले, गालांवर ठेवले, आणि दीपिकाला विचारले, की लागत होते तर सांगितले का नाही. दीपिका म्हणाली, "मोठी माय काय म्हणन म्हून." हे वाक्य सुरय्याने चौकटीत उभे राहून ऐकले. आजवर तिच्या हाताखालून किती नवऱ्या गप्प बसून गेल्या होत्या, आणि त्या गप्प बसण्याला ती स्वतःच्या हाताची वाखाणणी समजत आली होती. तिने उरलेले उबटन परसात नेऊन पपईच्या बुंध्याशी ओतले. पपईलाही ते मानवेल की नाही याची तिला त्या दिवशी खात्री वाटली नाही.

परत येऊन ती अंजुमसमोर बसली. "आता काय कराचं, ते तू सांग," एवढेच बोलली. अंजुमने असे वाक्य आईच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते.

काही करायचे नाही, हेच उत्तर होते. गाल शांत होईपर्यंत लोशनसुद्धा बंद. आणि काही न करणे हे काम सुरय्याच्या हाती सोपवले गेल्यावर तिने ते तिच्याच पद्धतीने पार पाडले. दीपिकाला चुलीजवळ जायची बंदी झाली. दुपारी अंगणात पाय टाकायचा नाही. शेजारणींपैकी कोणी "बघू बघू" करत बोट पुढे केले, की सुरय्या त्या बोटावर अशी नजर रोखी, की ते मालकिणीच्या पदराखाली परत जाई. शेंगदाणे खायला मात्र मुभा होती. पुढे लोशन पुन्हा सुरू झाले, तेव्हा कानामागचा ठिपका आधी लावला की नाही, हे सुरय्याने स्वतः विचारले.

चैत्र संपता संपता दीपिकाने आरसा मागितला. गोरी झाली नव्हती; सोमारीची लेक सोमारीच्याच रंगाची होती आणि तशीच शोभत होती. परंतु गालांवरची आग गेली होती, कातडी मऊ, सपाट आणि शांत दिसत होती. दीपिकाने आरसा कितीतरी वेळ खाली ठेवला नाही, आणि मग तिने धनराजचा फोटो पिशवीतून काढून पहिल्यांदाच सर्वांना दाखवला.

खरी परीक्षा मात्र पुढेच होती, आणि ती अंजुमने सांगून ठेवली होती. नव्याने सावरलेली ही कातडी हळदीच्या दिवशी गावच्या बायकांच्या हाती पडणार होती. ताजी, खरखरीत कुटलेली हळद, आणि ती चोळणारे हात धान लावणारे, कापणारे. त्या एका दुपारी सारे पाण्यात गेले असते. हळद टाळता येणार नव्हती. हळद टाळणारी नवरी त्या गावाने कधी पाहिली नव्हती.

दीपिका दोन दिवस आधी सोमारीबरोबर घरी गेली होती. सुरय्या आणि अंजुम हळदीच्या सकाळी आलापल्लीच्या एसटीतून उतरून सोमारीच्या गावात पोचल्या तेव्हा मांडवात बायका जमल्याच होत्या. त्यांची म्होरकी इतवारी, दीपिकाची आत्या. बांध्याने आडवी, आवाजाने त्याहून आडवी. तिच्यासमोर टोपलीभर हळद होती. अंजुमने हळू आवाजात सांगितले, की हातापायांना हवी तितकी लावा, तोंडाला मात्र चोळू नका. इतवारीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिले. शहरातल्या बाया आता आम्हाला हळद लावायला शिकवणार, असे ती बोलली आणि मांडवभर हसू पसरले. सोमारीला नणंदेपुढे बोलायची सवय नव्हती. दीपिकाने तर डोळेच मिटून घेतले.

सुरय्या पुढे गेली. आजवर ती जिथे गेली तिथे आवाज चढवूनच तिचे काम झाले होते. या खेपेस तिने आवाज खाली आणला.

"इतवारीबाई, मी परकी नाई. माह्या लेकीनं सोमारीबाईचं दूध पेलं हाय. ही दीपिका तिची दूधबहीण. म्हणजे मी हिची मोठी माय झाली का नाई?"

दूध पाजल्याची गोष्ट म्हाताऱ्यांना आठवत होती. इतवारीने डोके खाजवले, सोमारीकडे पाहिले, आणि मग तिनेच त्या घराची रीत काढली. त्यांच्या घरी हळदीचा पहिला हात मोठ्या मायचा. आणि पहिला हात जसा पडेल तसेच बाकीचे हात पडले पाहिजेत, त्यात बदल म्हणून करायचा नाही. "लाव मंग," ती म्हणाली. "पाहू, वरोऱ्यात हात कसा चालते."

वरोऱ्यात हात कसा चालतो हे अंजुमला पुरते ठाऊक होते.

सुरय्याने हळदीत तेल मागून घेतले, बोटांनी ती सैल केली. मग करंगळीशेजारचे एकच बोट, सर्वांत दुबळे, हळदीत बुडवले, आणि दीपिकाच्या गालावर असे टेकवले, जसे झोपलेल्या लेकराच्या पापणीवरची माशी उडवावी. एक या गालाला, एक त्या गालाला, एक हनुवटीला. मग तिने विचारले, आणि तिच्या घराण्यात हा प्रश्न कोणत्याही नवरीला प्रथमच विचारला जात होता: "लागलं का, बाई?"

"नाई, मोठी माय," दीपिका डोळे न उघडता हसली.

इतवारीने मोठा सुस्कारा टाकला. तिने आपला रुंद हात पाहिला, त्यातले एक बोट निवडले आणि तेवढ्याने हळद टेकवली. रीत म्हणजे रीत. मागच्या बायकांनीही तेच केले. एकीने ते करताना इतका नाजूक मुरका मारला की मांडव हसून लोटपोट झाला. उरलेली हळद गेली हातापायांना, आणि त्याहून उरलेली इतवारीने दोन्ही पंज्यांनी सुरय्याच्या गालांना चोळली. ती मात्र चांगली घासून. सुरय्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही, मग काढला, आणि तिला सोडून देण्यात आले.

दुसऱ्या दिवशी दीपिका मांडवात उघड्या तोंडाने बसली. धनराज तिच्याकडे पाहत होता आणि त्याला कोपराने ढोसले जात होते, तरी पाहत होता. अक्षता पडल्यावर सोमारी गर्दीतून वाट काढत सुरय्याजवळ आली. तिने आधी अंजुमच्या तोंडावरून हात फिरवला, त्या हाताची बोटे आपल्या कानशिलावर मोडली, आणि मग सुरय्याचा मनगटापर्यंत अजून पिवळा असलेला हात दोन्ही हातांत धरला.

"तोडे घेतले असते त फिटलं नसतं," ती म्हणाली. "आता फिटलं, सुरय्याबाई. पूर्ण फिटलं."

सुरय्याने नुसती मान डोलावली. पंगतीत सोमारीने तिच्या पानात दुसऱ्यांदा भात वाढला, त्यालाही तिने नको म्हटले नाही.