टोपीवाल्याची माय

टमाट्याच्या क्रेटमध्ये खाली घालायला आमचे हे वर्ध्याहून ताराचंदच्या दुकानातली रद्दी आणतात. त्या गठ्ठ्यात मला ते पुस्तक सापडलं. इंग्रजी. वर रुंद टोपीवाला माणूस, मागे घोडा, आणि शर्टाची बटणं काही त्याने लावलेली नव्हती. लग्नाआधी मी बीए दुसऱ्या वर्षापर्यंत शिकले होते. कव्हर फाडून क्रेटमध्ये घातलं, पुस्तक ठेवून घेतलं आणि जुनी डिक्शनरी बाहेर काढली. पुढे अशी सात जमली.

सातांची गोष्ट एकच. शहरातली दमलेली बाई अमेरिकेतल्या गाईंच्या मोठ्या शेतावर येते, मालक तिच्याशी तुसडेपणाने वागतो, मग वागत नाही. हजार गाई, पण शेणाचा वास एकाही पानाला नाही. दहा वर्षं आमच्या आंजी गावात वांगी तोडणाऱ्या बाईला कोण फसवणार? तरी मी वाचायची. कारण प्रत्येक पुस्तकात कुठेतरी तो माणूस त्या बाईच्या हातातली बादली घेतो आणि म्हणतो, थकलीस, बस. त्या एका वाक्यासाठी मी डिक्शनरीची पानं झिजवली.

माझ्या सासूबाई वच्छलाबाई. त्यांना वाचता येत नाही. दुपारी आम्ही दोघी मांडवाखाली कोथिंबिरीच्या जुड्या बांधतो, तिथे त्यांनी मला पकडलं.

"काय वाचून राह्यली वं तू रोजरोज?"

सांगितलं. वाटलं, आता आरडाओरडा होणार. तर म्हणाल्या, "मंग पुढं?"

तेव्हापासून मी वाचायचं, आमच्या बोलीत सांगायचं आणि त्यांनी विचारायचं. "हजार गाई, तं शेण कोन काढते?" "येऊन राह्यली त्याच्या घरी, मंग लगन काऊन नाई लावत?" आणि दर पुस्तकाला ठरलेला एक प्रश्न, "त्याची माय कुठं हाय?"

"मेली, आत्याबाई."

"याचीबी?"

"सगळ्यायचीच मेलेली असते. पुस्तक सुरू व्हाच्या आधीच."

"म्हनून तं बाईचं बरं चालून राह्यलं त्या घरात," असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. मला हसायची हिंमत झाली नाही.

दोन हजार तीनची दिवाळी जवळ आली. आमच्यात लेक आपली आपण माहेरी जात नाही. न्यायला मुराळी यावा लागतो, भाऊ नाहीतर बाप. शेजारची रुचिका गेली, समोरची मयुरी गेली. माझे बाबा लग्नानंतर दोन दिवाळ्या आले आणि वारले. भाऊ नाही. वडनेरला आई एकटी. आठ वर्षांत मला कुणी 'जाऊ नको' म्हटलं नाही. न्यायलाच कुणी येत नाही, तर जाणार कशी? यंदा मात्र अंगातलं बळ सरलं होतं. आईच्या घरी चार दिवस मला नुसतं झोपायचं होतं. नाही गेले तर वेड लागेल, असं वाटत होतं.

यांना विचारलं, "मी एकटीच जाऊन येऊ का?"

"एकटी? भांडून आली म्हनतीन लोकं," हे म्हणाले, आणि फवाऱ्याचा पंप पाठीवर घेऊन निघून गेले. माणूस वाईट नाही. पण बघत नाही.

त्या दुपारी सातवं पुस्तक संपत आलं होतं. बाई रुसून माहेरी गेलेली, टोपीवाला दिवसभर गाडी हाकत तिला आणायला निघालेला.

सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "तुले कोन नेते वं?"

"कोनी नाई. तुमाले माहीत हाय." आणि मग माझा बांध फुटला. "मी लय थकली, आत्याबाई."

त्या उठून घरात गेल्या. मला वाटलं, रागावल्या.

सकाळी बघते तर त्या नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारात उभ्या. यांना म्हणाल्या, "इले वडनेरले नेऊन देतो."

"तू? बाई कुठं मुराळी रायते का?"

"बादल्या उचलाले बाई चालते, न याले काऊन नाई? वांगे तू तोडजो."

एसटीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. हिंगणघाट सुटल्यावर एकदाच बोलल्या, "मलेबी भाऊ नव्हता."

"मंग?"

"मंग काय. नाई गेली."

वडनेरला आईने दार उघडलं. समोर सासू, मागे लेक, हातात पिशवी. आईच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. सासू स्वतः लेकीला आणून सोडते तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो. तिने हात जोडले. "इहीनबाई, काय चुकलं माह्या पोरीचं?"

"काई नाई चुकलं," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या हातातली पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली. "थकली हाय. आधी झोपू द्या तिले."

सातही पुस्तकांत टोपीवाल्याची माय आधीच मारून टाकलेली. लिहिणाऱ्यांना काय कळतं! मी आईच्या बाजेवर आडवी झाले आणि रडता रडताच झोपले.